मनीचं दळण शेवटी

सहावीनंतर माझी शाळा सुटली. लिहायला बसलं की अजून हात अडखळतो. पण मागच्या खेपेला माझ्या धाकट्या लेकीला, मनीला, दाखवायला कोल्हापूरला गेलो, तेव्हा दवाखान्याच्या बाकावर एक बाई बसली होती. मांडीवर लेकरू, पोट फुगलेलं आणि पाय काटक्यांसारखे. हातात रिपोर्टचं पाकीट. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती एकच विचारत होती, "मग मी याला घालू तरी काय?" आमची एसटी सुटायला आली होती. तिच्याशी धड दोन शब्दही बोलता आले नाहीत. आंबा घाट उतरेपर्यंत मला तीच दिसत होती. तिला सांगायचं राहिलं, ते इथे लिहिते.

माझं माहेर खानदेशात, तापीच्या अलीकडे. नवरा रेल्वेत, रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीत. कोकणात गाड्या सुरू झाल्या तशी त्यांची नेमणूक आधी खेडला आणि मग रत्नागिरीला झाली. स्टेशनाच्या खालच्या अंगाला एक वाडी आहे, तिथे शेवंतीकाकींच्या घरामागच्या दोन खोल्या आम्ही भाड्याने घेतल्या. थोरली सुनंदा तेव्हा शाळेत जायला लागली होती. मनी इथेच झाली.

पहिलं वर्षभर मला कळेचना की ही माणसं जेवतात कधी. सकाळी पेज, दुपारी भात, संध्याकाळी भात, आणि भाकरी केली तर तीसुद्धा तांदळाची! आमच्याकडे भात म्हणजे सणाला किंवा आजाऱ्याला. मी माहेराहून गहू आणायचे. तेवढा एक डबा घरात आहे म्हणून मला घर घरासारखं वाटायचं.

घरचं, कसदार

वर्षाची होईपर्यंत मनी गुटगुटीत होती. वरचं खायला लागली आणि बिघडली. दिवसातून पाच-सहा वेळा पातळ परसाकडे व्हायची, आणि वास असा की दार उघडं ठेवावं लागायचं. पोट टम्म, हातापायाची मात्र काडी. चालायला शिकलेली पोर परत बसून राहायला लागली. सारखी किरकिर. फोटोत बघितलं तर हसणारी मनी आणि ही मनी वेगळ्या वाटायच्या.

रत्नागिरीतल्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, टॉनिक दिलं. म्हणाले, "अंगात ताकद नाही, सकस खायला घाला."

सकस म्हणजे मला एकच माहीत होतं. फोनवर मायने पण तेच सांगितलं, "नुसत्या भातानं पोरीचं अंग कसं भरीन? गव्हाचं पोटात गेलं पाहिजे तिच्या."

बाजारातली डब्यातली पावडर मी घरात येऊ दिली नाही. बिस्किटाचा पुडा नाही, रंगीत गोळ्या नाहीत. सगळं घरचं. गहू भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं, वाटायचा, फडक्यातून गाळून सत्त्व खाली बसू द्यायचं आणि उन्हात वाळवायचं. त्याची दुधातली लापशी. सकाळी ती, दुपारी दलियाची खीर, संध्याकाळी तूप लावून पोळी. लापशीची वाटी पुढे आली की मनी तोंड फिरवायची. मग मी तिला मांडीत घट्ट धरून भरवायची, रडत रडत. ती पण रडायची आणि मी पण.

शेवंतीकाकी दारातून बघायच्या. त्या म्हणायच्या, "गो, पोर नको म्हनतेय तर कशाला कोंबतेस?" आणि संध्याकाळी स्वतः चहात टोस्ट बुडवून तिला द्यायच्या. "टोस्ट खाते बघ कशी! माझ्या हाताला यश हाय." त्यांनी दृष्ट काढली, मीठमिरच्या चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका आला नाही, म्हणजे दृष्ट जबरदस्त आहे म्हणाल्या. आम्ही दोघी आपापल्या परीने तिला वाचवायला निघालो होतो.

मनीचं वजन मात्र घटतच राहिलं. दुसऱ्या पावसाळ्यात तिचे केस विरळ झाले. एकदा आंघोळ घालताना तिच्या पाठीचा एकेक मणका माझ्या बोटांना लागला. मी तिला तशीच ओली पदरात गुंडाळली आणि मोरीतच बसून राहिले.

कोल्हापूर

शेवटी डॉक्टरच म्हणाले, "मला वेगळी शंका येते आहे. कोल्हापूरला पोटाचे डॉक्टर येतात, त्यांना दाखवा." घाटात मनीला चार वेळा उलटी झाली. ह्यांनी आपला सदरा काढून तिच्या खाली धरला आणि बनियनवरच कोल्हापुरात उतरले.

लहान मुलांचा वॉर्ड होता. पहाटे झाडूवाली मावशी, मग ताप बघणाऱ्या सिस्टर, मग दूध-पाव घेऊन येणारी ढकलगाडी. मनीने पाव खाल्ला म्हणून मी शेजारच्या खाटेवरच्या बाईला आनंदाने सांगितलं. आता आठवलं की अंगावर काटा येतो. तेव्हा काय माहीत.

तिचं रक्त घेतलं. मग गुंगी देऊन तोंडातून नळी घातली आणि आतड्याचा बारीकसा तुकडा तपासायला काढला. मला बाहेर बसवलं. आतून मनीचा आवाज येत होता तोवर बरं होतं. आवाज बंद झाला आणि मी दाराला कान लावून बसले. शेजारच्या खाटेवरची ती बाई, नावही माहीत नाही तिचं, माझ्या पाठीवर हात ठेवून बसली. एक केळं सोलून माझ्या हातात दिलं आणि मी खाईपर्यंत उठली नाही.

रिपोर्ट यायला वेळ लागला. परत गेलो तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "हिला काय काय देता खायला?"

मी तयारच होते. सत्त्व, खीर, पोळी, शेवया, सगळं सांगितलं. बाहेरचं काही देत नाही, सगळं हाताने करते, हेही सांगितलं. मला वाटत होतं, डॉक्टर शाबासकी देतील.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आता हे सगळं बंद करायचं."

"कुठलं?"

"गहू. पोळी, रवा, मैदा, शेवया, पाव, बिस्किट. गव्हाचा कण नको."

"किती दिवस?"

"कायमचं."

त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, सिलिॲक. गव्हातला जो चिवटपणा असतो तोच हिच्या आतड्याला सोसत नाही, त्याने आतड्याला आतून इजा होते, मग खाल्लेलं अंगी लागत नाही, असं समजावलं. ह्यांनी विचारलं, "औषध काय आहे साहेब?"

"औषध नाही. गहू न देणं हेच औषध."

महाग औषध असतं तर कुठून तरी केलं असतं. लांबचं असतं तर आणलं असतं. औषधच नाही म्हटल्यावर माणसाने धरायचं काय? मी विचारलं, "म्हणजे मीच तिला..."

डॉक्टर म्हणाले, "ताई, तुमच्या माहितीत जे सगळ्यात चांगलं होतं ते तुम्ही दिलंत. तिला ते सोसत नाही, एवढंच. आम्हालासुद्धा ओळखायला इतके दिवस लागले." त्या बाकावरच्या बाईला मला पहिलं हेच सांगायचं होतं. हे वाक्य मी अजून धरून आहे.

मग त्यांनी विचारलं, "राहता कुठे? रत्नागिरी? मग निम्मी काळजी मिटली. तिथे सगळे तांदूळच खातात."

गोल

परत येऊन मनीला पेज दिली. मऊ भात, मुगाचं वरण, नाचणीचं आंबील, केळं. तीन आठवड्यांत तिने स्वतःहून वाटी पुढे केली. मी वाटीकडे बघत राहिले. काकी ओरडल्या, "बघतेस काय? वाढ गो तिला!"

तिला भाताचा कंटाळा आला तेव्हा भाकरी केली. सुनंदाच्या ताटात पोळी असायची आणि मनीला तेच हवं असायचं. नाव येत नव्हतं, म्हणून ती म्हणायची, "मला गोल." तांदळाची भाकरी मला जमत नव्हती, चिरायची, मोडायची. काकींनी उकड काढायला शिकवलं. तव्यावर पहिली भाकरी फुगली आणि मनी टाळ्या पिटायला लागली. तिचं गोल तिला मिळालं.

मला वाटलं, सुटलो आपण.

पण नाही. दोन महिने अंग धरलं आणि परत तेच सुरू झालं, पातळ परसाकडे, फुगलेलं पोट, किरकिर. डोळ्यांत तेल घालून जपतेय तरी कुठून जातंय पोटात? मग मी वेड्यासारखी झाले. गव्हाचा डबा काकींना देऊन टाकला. पोळपाट फेकला, तवा विटकरीने घासला. हिंगात पीठ असतं असं कोणीतरी सांगितलं. वाण्याला विचारलं तर खरंच निघालं, मग हिंग बंद. मनीला अंगणवाडीत पाठवेना. ती कोणाच्या ओटीवर खेळून आली की तिच्या हातांचा वास घ्यायची, तोंड उघडायला लावायची. सत्यनारायणाला गेलो तर शिऱ्याचा द्रोण पुढे आल्याबरोबर मी तिला उचलून बाहेर आणली. देवाचा प्रसाद नाकारला म्हणून लोक बघत राहिले.

घरात पोळी बंद म्हणजे सगळ्यांनाच बंद. हे दिवसभर रुळांवर चालायचे. डबा उघडून भात बघायचे आणि खाऊन घ्यायचे. एकदाच म्हणाले, "घराचं इस्पितळ केलंस तू."

आणि एक दिवस सुनंदा सापडली. काकींच्या स्वयंपाकघरात, दाराआड, गूळ घालून गुंडाळलेली पोळी खात होती. मला बघून तिने पोळी पाठीमागे लपवली. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "मी हात धुते गं आई. तोंडपण धुते. रोज धुऊनच घरी येते."

रोज. म्हणजे हे कधीपासून चाललं होतं! नऊ वर्षांची पोर पोळी खाऊन चोरासारखं तोंड धुऊन घरी येत होती, का तर बहिणीला काही होऊ नये.

काकींनी पातेल्यावर झाकण आपटलं. "माझ्यावर रागव. मी देते तिला. दोन पोरी हायत तुला, का एकच?"

मी घरी येऊन दार लावून बसले. एकीचा जीव वाचवताना दुसरीच्या तोंडचा घास काढला होता, आणि एवढं करूनही पहिली बरी होत नव्हतीच. काय करावं ते मला खरंच कळत नव्हतं. त्या बाईला हेही सांगायला हवं होतं, की असे दिवस येतात, आणि त्या दिवसांत आपण काही फार शहाणे नसतो.

गव्हाचा डबा परत आला. वेगळ्या फळीवर, वेगळा तवा, वेगळा पोळपाट. पोळ्या आधी करायच्या, ओटा पुसायचा, हात धुवायचे, मग मनीचं. सुनंदा सगळ्यांसमोर पोळी खायला लागली. पहिल्या दिवशी ती माझ्याकडे बघत बघतच चावत होती.

कशावर दळू?

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं. मी सगळं सांगितलं, हिंगसुद्धा. ते म्हणाले, "भाकरीचं पीठ?"

"घरचंच. तांदूळ धुऊन, वाळवून, गिरणीतून दळून आणते."

"त्या गिरणीत गहू दळतात?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. "दळतात," हे म्हणाले.

आमच्या वाडीच्या वरच्या रस्त्याला बाळाभाऊंची गिरणी आहे. डबा ठेवला की ते पट्ट्याच्या आवाजातून ओरडून विचारतात, "कशावर दळू?" म्हणजे आधी कोणाचं धान्य जाऊन गेलंय, त्याच्यावर आपलं चालेल का. दगडात आधीचं पीठ राहतं, ते पुढच्याच्या डब्यात येतं. गव्हावर तांदूळ दळले तर भाकरी वातड होते, म्हणून बायका भांडायच्या, "माझे तांदूळ गव्हावर नको हां, बाळाभाऊ!" ही भांडणं मी इतकी वर्षं ऐकत होते. मी बाहेरची, लाजरी. कोणी काही विचारलं तर म्हणायची, "घाला कशावरही."

स्टेशनजवळच्या खाणावळीचं गव्हाचं पोतं रोज सकाळी पहिलं पडायचं. मी घरातलं आवरून लवकर जायची आणि माझा डबा त्याच्या पाठोपाठ लागायचा.

दुसऱ्या दिवशी गिरणीत जाऊन विचारलं, "माझ्या दळणाआधी दगड धुता येतील का?"

बाळाभाऊ हसले. "वैनी, गिरण काय ताट हाय विसळायला?"

रांगेतल्या बायकाही हसल्या. वाईट मनाने नाही, पण हसल्या. मी सांगायचा प्रयत्न केला. पण पट्ट्याच्या आवाजात गव्हाने आजारी पडणाऱ्या पोरीची गोष्ट कशी सांगायची? कोणाला खरं वाटेल? मी डबा उचलला आणि घरी आले.

काकींच्या पडवीत जुनं जातं होतं. ते घासून घेतलं आणि मनीपुरतं दळायला बसले. माहेरी आजीच्या मांडीवर बसून जात्याला हात लावला होता, तेवढाच. तळहाताला फोड आले, फुटले. पीठ जाडंभरडं. भाकरी थापताच तुकडे. मनी म्हणायची, "हे गोल नाही." काही दिवस माझा खांदाच उचलेना, तेव्हा परत नुसती पेज. ताट बाजूला सारून ती सुनंदाच्या पोळीकडे बघायची. मागायची नाही. एवढ्या वयात तिला मागायचं नाही हे कळलं होतं, आणि ते मला बघवत नव्हतं.

काकींनी माझे हात बघितले. पिशवी घेऊन गिरणीकडची चढण चढून गेल्या.

पुढच्या गुरुवारी मला म्हणाल्या, "तांदूळ घे आनि चल."

गुरुवारी खाणावळ बंद असते. त्यामुळे सकाळी गव्हाचं पोतं नसतं. गिरणीत वाडीतल्या चौघीपाचजणी होत्या, सगळ्यांच्या डब्यात तांदूळ. पण आदल्या संध्याकाळचं शेवटचं दळण गव्हाचं होतं, ते दगडात होतंच. पहिला डबा कोणाचा, यावर घासाघीस सुरू झाली. पहिलीच्या भाकऱ्या वातड होणार हे सगळ्यांना माहीत होतं.

"पयली मी," काकी म्हणाल्या. "माझं जाऊदे गव्हावर."

"काकी, भाकरी चावंल काय तुमाला?" कोणीतरी म्हणालं.

"चावायला दात कुठं हायत मेल्यांनो? चहात बुडवून खाईन!"

सगळ्या हसल्या. काकींचे गेले, मग एकीचे, मग दुसरीचे. दगडातला गहू एकेकीने आपल्या घरी नेला. मी माझा डबा हातात धरून मागे उभी होते.

माझी पाळी आली. बाळाभाऊंनी सवयीने विचारलं, "कशावर दळू?"

मी तोंड उघडायच्या आत मागून सगळ्या ओरडल्या, "तांदळावर!"

आता

डॉक्टरांना हे सांगितलं. ते म्हणाले, घरी दळलेलं सगळ्यात चांगलं, पण हेही पुष्कळ आहे. आधी चार-पाच जणींचं जाऊदे. तसंच करतो. मनीचं दळण शेवटी. तिचं वजन हळूहळू चढलं, केस आले. आता ती पहिलीत आहे, वर्गात सगळ्यात बुटकी, पण पळते.

बरी झाली असं मी म्हणत नाही. तो शब्द या आजारात नाही. कधी गुरुवारी वीज नसते. कधी कोणाकडे लग्न निघतं आणि गव्हाची पोती पडतात. त्या आठवड्यात मनीला भाकरी नाही, भात आहे. पूर्वी मी अशा दिवशी सैरभैर व्हायची. आता भात लावते. शाळेत कोणी वाढदिवसाचं चॉकलेट वाटतं, कोणी बिस्किट देतं, मला तिथे जाता येत नाही. हातांचा वास घ्यायचं मी सोडलंय. भीती सुटली नाही. ती घरातच राहते, तिला जेवायला मात्र वाढत नाही.

गेल्या गुरुवारी काकींचे गुडघे धरले होते, त्या आल्या नाहीत. मनीला शाळेला सुट्टी, म्हणून ती बरोबर होती. सगळ्यांचे तांदूळ झाले. आमची पाळी आली आणि एक नवी सून घाईघाईने आत आली. चिपळूणकडची, लग्न होऊन महिना झाला असेल. तिने आपला डबा आमच्या पुढे ठेवला. झाकण उघडं होतं. गहू.

मला बोलायचं होतं. इतकी वर्षं झाली तरी मला या गिरणीत बोलता येत नाही. परक्या गावात परक्या बाईला कसं सांगायचं, कुठून सुरुवात करायची. माझे ओठ हलले असतील, आवाज आला नाही. बाळाभाऊ पाठमोरे होते. पट्टा चालू होता. त्यांनी मागे हात केला आणि तो डबा धरला.

माझ्या पदराआडून मनी पुढे झाली. टाचा उंच करून तिने त्या डब्याच्या कडेला हात लावला.

"मामी," ती म्हणाली, "तुमचं माझ्यानंतर. मला गहू बाधतो."

ती सून बघत राहिली. मग बाळाभाऊंच्या हातातून तिने आपला डबा काढून घेतला आणि आमच्या मागे नेऊन ठेवला.